मुशीपासून बोंबलापर्यंत

रावसाहेबांचं फाउंटनपेन माझ्या खिशातून घरी आलं, त्यात माझा कसलाही हेतू नव्हता. कुणी सहीसाठी पेन पुढं केलं की सही करायची आणि पेन आपल्याच खिशाला लावून चालू पडायचं, ही माझी जुनी खोड आहे. इथपर्यंत ठीक होतं. परत नेऊन दिलं असतं. पण घरी पोचल्यावर पाय धुवायला मी विहिरीवर वाकलो आणि पेन खिशातून सुटून काठाच्या दगडावर आपटलं. दांडी शाबूत राहिली. टोपणाचे तीन तुकडे झाले. दोन मी उचलले, तिसरा विहिरीत गेला.

ही हकीकत अलिबागची, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली, एकोणीसशे तिसाच्या पुढच्या सालांतली. नक्की साल मी सांगत नाही, कारण मी सांगितलेलं कुठलंही साल आमच्या घरात मान्य होत नाही. मी तेव्हा मामलेदार कचेरीत हंगामी कारकून होतो. हंगामी म्हणजे ज्याला बसायला खुर्ची असते, पण फार रेलून बसायचं नसतं. अकरा महिने भरले होते, आणि मला कायम करायचं की घाटावर परत धाडायचं याचा शेरा मामलेदार रावसाहेब लिहिणार होते. त्याच दुपारी, सोमवारी, ते दौऱ्यावर गेले होते. शुक्रवारी येऊन शेरा लिहायचा, असं जाताना बोललेही होते. आता ज्या पेनानं लिहायचा ते थोडं माझ्या हातात होतं आणि थोडं विहिरीत.

बायकोनं तुकडे पाहिले. तिचं माहेर चौलचं. ती समुद्राला घाबरत नाही, मग मला कुठून घाबरणार?

"असे काय बघताय?" ती म्हणाली. "पडवीत काका आहेत ना? त्यांच्यापुढं टाका."

"टाकतो गं. पण ते शुक्रवारपर्यंत देतील का?"

"टोपण देतील," ती म्हणाली. "शुक्रवारचं काही सांगता येत नाही."

काका म्हणजे आमचे घरमालक. अर्धं घर आमच्याकडे होतं, अर्धं त्यांच्याकडे, आणि मधली पडवी त्यांच्या चाकाकडे. गाव त्यांना कातारीबाबा म्हणे. लाकूड फिरत्या चाकावर धरून पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे, खुळखुळे कातून काढायचे, हा त्यांचा वाडवडिलांचा धंदा. पन्नाशीला आल्यावर कुणा वकिलाचं मोडकं पेन त्यांच्याकडे दुरुस्तीला आलं आणि म्हातारा त्या काळ्या कांडीच्या प्रेमात पडला. इबोनाइट म्हणतात ते. रबर आणि गंधक शिजवून केलेलं, शिंगासारखं टणक. कांड्या परदेशातून मुंबईला आणि मुंबईहून आगबोटीनं आमच्याकडे येत. पायानं चाक फिरवत म्हातारा त्यातून पेनं काढायचा. पेन कातायला एक दिवस लागायचा आणि घासायला आठ. एखादं गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी आलं आणि म्हणालं, "झालं की हो बाबा, छान चमकतंय," की ते पेन आणखी चार दिवस मागं पडायचं.

"चमकतंय ते डोळ्याला," ते म्हणायचे. "डोळ्याचा काय भरवसा? उजेड फिरला की डोळा फिरला. गाल फिरत न्हाय."

तर त्यांची कसोटी गालाची होती. घासलेली वस्तू ते आधी गालाला लावत आणि मग खालच्या ओठाला. दोघांनी हो म्हटलं तर काम पुढं जाई. ही सवय पडवीपुरती असती तरी चाललं असतं. पण हळदीकुंकवाच्या समारंभात कुणाच्या अत्तरदाणीला, देवळात घंटेच्या दांड्याला, वकिलाच्या काठीच्या मुठीला, जिथं गोल आणि गुळगुळीत काही दिसेल तिथं म्हाताऱ्याचा गाल पोचायचा. आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोचं लाटणं उचललं, गालाला लावलं, तोंड वाईट केलं आणि "बाय, हे तू वापरतेस?" असं म्हणून घेऊन गेले. पाच दिवस आम्ही भाकरीवर काढले. सहाव्या दिवशी लाटणं परत आलं ते इतकं गुळगुळीत, की पोळपाटावरून आपलं आपण घरंगळायचं.

घासायच्या सामानाची त्यांची मोजदाद जगावेगळी होती. काचकागदाला नंबर असतात. पण एका कंपनीचा एक नंबर दुसरीच्या दोनासारखा निघतो, म्हणून म्हाताऱ्यानं नंबर काढून टाकले आणि माशांची नावं ठेवली. सगळ्यात खरखरीत कागद तो मुशी. त्याच्या खालोखाल पाकट. मग जिताडा, मग पापलेट, आणि ज्यानं घासलं तरी घासल्याचा आवाजसुद्धा येत नाही तो बोंबील. कुठल्याही कंपनीचा कागद आला की बोट फिरवायचं, नाव द्यायचं आणि कोपऱ्यावर शिसपेन्सिलीनं माशाचं चित्र काढायचं. मी घाटावरचा. मला मासा म्हणजे डोकं, शेपूट आणि वास, एवढंच ठाऊक. एकदा मी मुंबईला निघालो तर त्यांनी मला यादी सांगितली आणि मी इमानानं लिहून घेतली: पापलेट सहा, बोंबील बारा. लोखंडी सामानाच्या पेढीवरच्या शेठनं ती यादी चष्म्यातून वाचली, मग चष्म्यावरून मला वाचलं आणि म्हणाला, "भाऊ, आमी मच्छी नाय राखत." मागं उभ्या असलेल्या हमालांना दोन दिवसांची करमणूक झाली. मी अंदाजानं जे कागद आणले त्यांना म्हाताऱ्यानं बोट लावलं आणि सगळ्यांवर एकजात मुशीचं चित्र काढलं.

तर अशा माणसाच्या पुढ्यात मी सोमवारी संध्याकाळी रावसाहेबांचं पेन ठेवलं. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलंच नाही. दांडी उचलली, गालाला लावली आणि डोळे मिटले.

"कुणाचं हे?"

"रावसाहेबांचं."

"आंघोळ करतात का?"

"काका!"

"माणूस आंघोळ करतो, मग पेनाला कधी ओलं फडकं का लावत न्हाय?" त्यांनी दांडी उजेडात धरली. पाचसात वर्षांच्या वापरानं तिचा काळा रंग तपकिरीकडे झुकला होता. मधोमध परदेशी कंपनीचं नाव बारीक अक्षरांत कोरलेलं होतं. "टोपण करून देतो. उद्या काततो."

"आणि घासायला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी भाडेकरू आहे हे मला पुन्हा आठवलं.

मंगळवारी टोपण कातून झालं. दांडीवर बसवलं तेव्हा आटे असे लागले, की जन्मापासून एकत्र असावेत. मी म्हटलं, आता काय, दोन हात काचकागद मारला की झालं. म्हाताऱ्यानं काचकागदाचा पत्र्याचा डबा उघडला आणि तसाच माझ्यापुढं सरकवला. श्रावण चालू होता. आमच्या किनाऱ्यावर श्रावणात मीठ पाझरतं, काड्यापेटी पेटत नाही, चपला भिंतीला टांगल्या तर त्यांना केस येतात. काचकागदावरची पूड सरसानं चिकटवलेली असते. तो सरस त्या दमट हवेत सुटला होता. माशांची चित्रं कागदावर होती आणि पूड डब्याच्या तळाशी.

"मुंबईहून येईतो आठवडा जाईल," मी म्हणालो. माझा आवाज बायकोला आत ऐकू गेला असावा, कारण भांड्यांचा आवाज थांबला.

"मुंबईला काय करायचंय?" म्हातारा म्हणाला. "हे कागद नव्हते तेव्हा काय लोक ओबडधोबड जगत होते?" आणि त्यांनी हाळी दिली, "चांगुणे!"

चांगुणाबाय ही आमच्या मागच्या आळीतली कोळीण. डोक्यावर पाटी, तोंडात पान आणि बोलण्यात मीठ. वर्षभर ती म्हाताऱ्याला मुशीची वाळवलेली कातडी आणून द्यायची. मुशीची कातडी शेपटीकडे कुरवाळली तर रेशीम, डोक्याकडे कुरवाळली तर किसणी. आणि ओलीत ठेवा नाही तर पाण्यात बुडवा, तिची धार जात नाही.

"कातारीबाबा, शिमग्यात दिलेली कातडी खाल्लीस की काय?" ती ओट्यावर टेकत म्हणाली.

"होडीच्या डोलकाठीला घासून संपली. तुज्याच लेकाच्या होडीच्या."

"त्याला कोन बोलला घासायला? डोलकाठी घासून मासं जास्ती मिलतात व्हय?" ती माझ्याकडे वळली. "ह्या बाबाला सांगू नको हां भाऊ, न्हायतर समिंदराच्या लाटा घासाया घेल."

पण संध्याकाळी ती कातडीचे चार तुकडे घेऊन आली, आणि ओटीत समुद्रफेसही. समुद्रफेस म्हणजे माकूळ नावाच्या माशाच्या पाठीतलं पांढरं हलकं हाड. आमच्या वाळूत पडलेलं असतं. म्हाताऱ्यानं चारही कातड्या माझ्या गालावरून फिरवल्या. हो, माझ्याच. स्वतःचा गाल साठ वर्षांत निबर झालाय, कोवळा गाल पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. "कुठली लागते? ही की ही?" मी म्हटलं, दोन्ही लागतात. "जास्ती कुठली?" हे ठरेपर्यंत माझ्या डाव्या गालाला वेगळी हजामत लागली नाही.

त्याच बैठकीत मी विचारलं, की ही गालाची आणि ओठाची भानगड सुरू कुठून झाली. म्हातारा टोपण ओलं करण्यात गुंतला होता. चांगुणाबाय बोलली.

"माज्या थोरल्याला ह्याच्याकडचा खुलखुला घेतला होता. सणाची गर्दी, ह्यानं घाईनं दिला. पोरानं तोंडात घातला, हिरडीत कुसल गेली. दोन दिस रडला पोर. आता तो लेक नाखवा झाला, मिशा आल्या त्याला. तो इसरला, मी इसरली. हा बाबा आजून त्याच कुसलीला घासतंय."

"गप बस," म्हातारा म्हणाला. चाकाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

बुधवारी मुशी संपली आणि पाकटाची पाळी आली. त्यासाठी म्हातारा मला भल्या पहाटे टांग्यानं कनकेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेला. तिथं खरवत नावाचं झाड आहे. त्याचं पान मांजराच्या जिभेसारखं असतं. मला वाटलं, ओरबाडावी मूठभर आणि परतावं. कचेरी गाठायची होती. पण म्हातारा एकेक पान तपासत होता. कोवळं पान लबलबीत, जून पान फाटकं. उन्हाकडचं कडक, सावलीतलं मऊ. फांदीच्या टोकापासून तिसरं पान पाकटाचं, पाचवं जिताड्याचं, असा काहीतरी त्यांचा हिशेब होता. तपासायला अर्थातच मी होतो. डावा गाल कामी आलेला होता, म्हणून उजवा पुढं केला. कचेरीत गेल्यावर शेजारच्या कारकुनानं विचारलं, "मांजर पाळलंत का?" मी हो म्हटलं.

बुधवारी संध्याकाळपासून तुसाची राख. भाताचं तूस जाळून केलेली ही राख घरोघर भांडी घासायला असते, पण म्हातारा ती तशी वापरत नसे. आधी पाण्यात ढवळायची. जड कण खाली बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. ते निवळलं की पुन्हा ढवळायचं, पुन्हा ओतायचं. चौथ्या भांड्याच्या तळाशी जो साईसारखा गाळ बसे तो पापलेट. तो खोबरेल तेलात कालवला की बोंबील. माझ्या बायकोची चारही पातेली पडवीत गेली आणि त्या रात्री आम्ही दहीपोहे खाल्ले. तिसरं पातेलं तर तिनंच ओतून दिलं, आणि म्हातारा म्हणाला, "बाय, तुजा हात चांगला हाय. ह्या कारकुनाचा ओततानासुद्धा घाई करतो." माझी घाई शुक्रवारची होती.

राख लावायला कापड पाहिजे. माझं धोतर त्यांनी नाकारलं. गिरणीचं, म्हणे, सुताला पीळ जास्त. माझ्या टोपीचा आतला भाग पाहिला, गालाला लावला आणि नुसतेच हसले. चांगुणाबायनं जुनी चोळी आणली, तिला मिठाचा दोष निघाला. बायको लग्नापासून वापरात असलेलं, शेकडो वेळा धुतलेलं लुगडं घेऊन आली. म्हाताऱ्यानं पदराचा कोपरा दोन बोटांत चुरला आणि त्यांचा चेहरा असा झाला, की कुणीतरी त्यांना पेढा दिला असावा.

"फाडू?"

"फाडा," ती म्हणाली. "त्यांची नोकरी त्यात राहणार असेल तर चिंधी झाली म्हणून काय बिघडलं?"

गुरुवारी सकाळी टोपण तयार झालं. मी अनेक पेनं पाहिली आहेत, पण तसा काळा रंग पुन्हा पाहिला नाही. पडवीचा सगळा उजेड त्यात उतरला होता, त्यात माझे दोन सोललेले गालही. मी आनंदानं ते दांडीवर बसवलं आणि माझं पाणी झालं. दांडी जुनी, तपकिरी, वापरून मंद झालेली. टोपण काल जन्मलेलं. आंधळ्यालाही कळलं असतं, की हे दोघं एका घरचे नव्हेत.

"काका," मी म्हटलं, "टोपण थोडं उतरवा."

"म्हंजे?"

"म्हणजे, थोडं मंद करा. थोडं वापरलेलं दिसू द्या. एक हात मुशीचा मारलात तरी जुळेल. रावसाहेबांना कळताच कामा नये."

चाक थांबलं.

"म्हंजे बिघडवू?" ते म्हणाले. "जाणूनबुजून?"

"काका, माझी नोकरी आहे ती."

"हे माजं काय हाय मग?"

मी हात जोडले. बायको दारात येऊन उभी राहिली. म्हाताऱ्यानं टोपण आणि दांडी शेजारी शेजारी धरली. मग म्हणाला, "जुळायला पाहिजे ना? तू कचेरीत जा. जुळवून ठेवतो." मला वाटलं, माझ्यासाठी म्हाताऱ्यानं आयुष्याचा नेम मोडला. कचेरीत जाईपर्यंत माझे डोळे भरून येत होते.

संध्याकाळी परतलो तर पेन लुगड्याच्या चिंधीवर ठेवलेलं होतं. जुळलं होतं. अगदी तंतोतंत जुळलं होतं. म्हाताऱ्यानं टोपण उतरवलं नव्हतं, दांडी चढवली होती. मुशीपासून बोंबलापर्यंत सगळं. तपकिरी रंग गेला, ओरखडे गेले, दातांच्या खुणा गेल्या. आणि मधोमध कोरलेलं कंपनीचं नावही गेलं.

"नाव कुठाय?" मी ओरडलो.

"नाव कसलं? खाच होती ती," म्हातारा म्हणाला. "खाचेत मळ बसतो. काढून टाकली. आता गालाला लाव."

मी लावलं नाही. मी आत जाऊन पडलो. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, घाटावरच्या गाडीचं बघ.

शुक्रवारी सकाळी मी रावसाहेबांच्या आधी पोचलो आणि पेन त्यांच्या मेजावर, दौतीशेजारी, नेहमीच्या जागी ठेवलं. माझा बेत साधा होता. काही बोलायचं नाही. रावसाहेब आले, ओली छत्री शिपायाकडे दिली, बसले, माझ्या नावाचा कागद पुढं ओढला आणि पेनाकडे हात नेला. हात अर्ध्यावर राहिला.

"हे कुणाचं?"

"आपलंच, रावसाहेब."

"माझं नव्हे." त्यांनी पेन फिरवून पाहिलं. "माझ्या पेनावर कंपनीचं नाव होतं. हे कुणीतरी विसरून गेलेलं दिसतं. माझं कुठं आहे?"

"हे... आपलंच असावं, रावसाहेब. पावसाळ्यात हवा..." पावसाळ्यात हवेनं पेन नवं होतं असा शोध मी लावणार, इतक्यात दारात पाणी गळायला लागलं. पानांचं इरलं पांघरून म्हातारा उभा होता. शिपाई त्याला अडवत होता आणि तो शिपायाच्या हाताखालून वाकून आत येत होता.

"कारकून," तो म्हणाला, "टोपणाच्या आतली कड राह्यली. काल ध्यानात आलं न्हाय. द्या इकडं."

सगळी कचेरी माझ्याकडे पाहू लागली. रावसाहेबही पाहू लागले.

"हे कोण?"

मी म्हणालो, "मी ओळखत नाही, रावसाहेब."

हे वाक्य मी आमच्या घरात कित्येकदा सांगितलंय, आणि दरवेळी ते थोडं विनोदी करून सांगतो. त्या वेळी ते तसं नव्हतं. म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या सोललेल्या गालांकडे पाहिलं, जरा हसला आणि म्हणाला, "बरं. न्हाय तर न्हाय. पण कड राह्यलीय. तेवढी करून जातो." आणि पेनासाठी हात पुढं करून तसाच उभा राहिला. त्या हाताच्या बोटांना राखेचा करडा रंग कायमचा बसला होता. माझ्या कोवळ्या गालावर कातड्यांची निवड करताना त्यानं जपून फिरवलेली बोटं होती ती.

"ओळखतो," मी म्हणालो. आवाज फार मोठा झाला. ट्रेझरीतले लोक दारात आले. "आमचे घरमालक आहेत. पेन आपलं आहे, रावसाहेब. सोमवारी ते चुकून माझ्या खिशात गेलं आणि मी विहिरीवर फोडलं. टोपण यांनी नवं केलं. मी यांना म्हटलं, ते मुद्दाम खराब करा म्हणजे आपल्याला कळणार नाही. यांनी केलं नाही."

रावसाहेबांनी पेन मेजावर ठेवलं. म्हाताऱ्यानं त्यांच्या मेजावरून पेन उचललं, जमिनीवर बसकण मारली, कमरेच्या चंचीतून खरवतीच्या पानाची गुंडाळी काढली आणि टोपणात घालून फिरवायला लागला. मामलेदारांच्या खोलीत, भर कामाच्या वेळी. फिरवता फिरवता रावसाहेबांना बोलतही होता.

"किती वर्षं वापरताय?"

"सहा," रावसाहेब म्हणाले. ते उत्तर देत होते याचं त्यांनाही नवल वाटत असावं.

"सहा वर्षांत एकदा पाणी दाखवलं न्हाय. पेनाच्या जिभेखाली शाईचा चिखल बसलाय. उन्हात ठेवत होता ना? खिडकीशी? म्हणून रंग उडाला. आणि दातानं चावू नका. पोर हाय का तुमी?"

शिपायानं भिंतीकडे तोंड केलं. म्हाताऱ्यानं टोपण ओठाला लावलं, मान हलवली आणि पेन रावसाहेबांपुढं धरलं.

"गालाला लावून बघा."

"काय?"

"गालाला. डोळ्यानं काय कळतं?"

रावसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मग, का कोण जाणे, पेन गालाला लावलं. आणि तिथंच ठेवलं. बाहेर पाऊस पडत होता, आणि आमचे मामलेदार डोळे मिटून बसले होते.

"नाव मात्र गेलं," थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले.

"कुणाचं नाव?" म्हाताऱ्यानं विचारलं. "तुमचं तर नव्हतं त्यावर." आणि इरलं उचलून तो चालता झाला. दारापाशी माझ्याजवळ क्षणभर थांबला. "बायला सांग, दुपारी पातेली देतो," म्हणाला. बस्स. त्या दिवसाबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही, आणि मीही त्याच्यापाशी कधी काढलं नाही. एवढंच, की पुढं तीन वर्षं आम्ही त्या घरात होतो आणि नव्या कातडीची परीक्षा असली की मी न बोलावता जाऊन बसायचो.

रावसाहेबांनी त्याच पेनानं माझा शेरा लिहिला. मी समोर उभा होतो. उलटं वाचायची सवय कारकुनाला असतेच, पण अक्षरं नाचत होती. कागद टिपून त्यांनी तो माझ्यापुढं सरकवला. दोनच वाक्यं होती: "लबाडी जमत नाही. कायम करण्यास हरकत नाही."

घरी आलो तेव्हा बायको पडवीत पातेली मोजून घेत होती. मी तो शेरा तिला म्हणून दाखवला, दोनदा. दुसऱ्यांदा जरा पाठ ताठ करून. तिनं चौथं पातेलं उजेडात धरून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अकरा महिने लागले होय रावसाहेबांना एवढ्याला?" ती म्हणाली. "मी लग्नाच्या चौथ्या दिवशी लिहून दिलं असतं. विचारलं का कुणी मला?"